भातानंतरचा मका: नांगरून की न नांगरता?

भात कापून मळा मोकळा झाला की मक्याचा विचार हल्ली बरेच जण करतात. किनाऱ्यावर पर्यटक कणसांना गिऱ्हाईक आहेत आणि ताटं गुरांना चालतात. करायच्या वाटा साधारण तीन: नांगरून, युरिया टाकून, पाटाने पाणी देऊन; भाताच्याच गादीवाफ्यांवर न नांगरता टोकून; किंवा सगळं शेणखत-जीवामृतावर. दापोलीकडच्या आमच्या मळ्यात तिन्ही करून पाहिल्या आहेत. उत्पन्नाचं सगळेच सांगतात, म्हणून इथे माती-पाण्याचंच बोलतो. पावसाळ्यात उताराच्या वरकस जमिनीवर मका लावण्याचा विषय मुद्दाम बाजूला ठेवलाय. दोन ओळींमधली मोकळी माती पहिल्या मोठ्या सरींनाच पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरते, त्यामुळे मी तरी तिथे लावणार नाही. आणि माकडांना तिन्ही पद्धती सारख्याच आवडतात.

शेणखताची वाट ऐकायला सगळ्यात स्वच्छ. पण मका नत्राचा खादाड. हेक्टरी 120 किलो नत्र धरलं तर गुंठ्याला सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे पावणेतीन किलो युरिया. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर गुंठ्याला अडीचशे किलोच्या घरात खत लागतं, आणि तेही पहिल्याच हंगामात सगळं पिकाला मिळत नाही. दावणीला पाच-सहा गुरं असतील त्यांनी जरूर करावं. आमच्या वाडीत गुरं राहिलीत कुठे? घाटावरून ट्रकने खत आणायचं तर डिझेल जाळूनच आणायचं.

राहिल्या दोन. नांगरणीच्या बाजूने बोलायचं तर मका एकसारखा उगवतो, तणाचा पहिला भर मोडतो, आणि आपल्याकडे सगळ्यांना ती पद्धत सरावाची आहे. पण मला तिचा कंटाळा आला तो ढेकळांमुळे. चिखलणी केलेली भाताची जमीन सुकली की दगड होते. तिचा वापसा, म्हणजे नांगरता येईल इतपत ओल, मोजून चार दिवसांचा, आणि नेमका त्याच दिवसांत पॉवर टिलर दुसऱ्याच्या मळ्यात असतो. तो येतो तेव्हा फाळाखाली डोक्याएवढी ढेकळं निघतात. ती फोडायला आणखी एक फेरी, म्हणजे आणखी डिझेल. तोवर खालची ओल वर येऊन वाऱ्यावर उडून जाते. मग बी टाकायच्या आधीच एक भरपूर पाणी द्यावं लागतं, आणि त्यातलं निम्मं भेगांत जातं असं पाटावर उभं राहिलं की वाटतं. पऱ्यावर बांध घालून अडवलेलं पाणी ते. खालच्या वाडीलाही त्याच्यावरच उन्हाळा काढायचा असतो.

गादीवाफ्यावर हे सगळं टळतं. नेरळच्या सगुणा तंत्राने, म्हणजे चिखलणी न करता कायमच्या गादीवाफ्यांवर, भात करणाऱ्यांना वाफे नव्याने करावे लागत नाहीत. मीटरभर रुंद माथा, बाजूला सरी, भाताची मुळं जमिनीतच. कापणी झाली की धसकटांच्या मधोमध पहारीने भोक पाडून दोन दाणे टाकायचे, वर पेंढा पसरायचा. बोट घातलं तर खाली गार लागतं, त्या ओलीवरच मका वर येतो. पहिलं पाणी आमच्याकडे बऱ्याच उशिरा द्यावं लागतं. कुजणाऱ्या मुळांच्या वाटेने ते मुरतंही बरं. गांडुळांची विष्ठा तर आता वाफ्यांवर सगळीकडे दिसते, पूर्वी ती बांधालाच असायची.

खोट तणनाशकाची. या तंत्रात पेरणीआधी ग्लायफोसेट मारायची रीत आहे, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध आणले ते उगीच नव्हे. मळ्याच्या कडेने पऱ्या वाहतो तिथे मला ते मारवत नाही. मी ग्रासकटर फिरवतो, पेंढा जाड घालतो, मधल्या ओळीत चवळी टाकतो. तरी लव्हाळा उरतोच. तो हाताने काढायला मजुरी जाते आणि पेंढ्यात उंदीर होतात, हे कबूल करायला हवं.

युरियाचं पाप दोन्हीकडे सारखंच. एकदम ओतला तर थोडा पाण्याबरोबर खाली जातो, थोड्याचा नायट्रस ऑक्साईड होतो, आणि तो कार्बन डायऑक्साईडपेक्षा सुमारे 270 पट ताप धरणारा वायू. ओल टिकणाऱ्या वाफ्यात तर जास्तच जपायला हवं. पेरताना थोडा, मका गुडघ्याला आला की थोडा, तुरा यायच्या सुमारास उरलेला, असा तीनदा द्यावा.

घरचा पॉवर टिलर असेल, वापसा साधता येत असेल आणि पाणी कालव्याचं असेल, तर नांगरून करण्यातही फार बिघडत नाही. उसन्या अवजारावर आणि पऱ्याच्या पाण्यावर शेती असलेल्यांनी मात्र निदान चार गुंठे वाफ्यावर करून बघावेत. आणि पऱ्या जानेवारीतच आटत असेल तर मक्याच्या नादी न लागता कडवे वाल टाकावेत; ते नुसत्या ओलीवर येतात.