१३ डॉलरचा स्प्रे आणि एक इअरबड

गाडी टोयोटा प्रियस, २०१० चं मॉडेल, १.८ लिटरचं इंजिन. सेकंडहँड घेतली तेव्हाच १ लाख १८ हजार मैल झाले होते. मी न्यू जर्सीत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते, त्यामुळे दिवसाचे ६०-७० मैल ठरलेले. रिव्ह्यू तीन वस्तूंचा आहे: सीआरसी कंपनीचा एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर) साफ करायचा स्प्रे, असाच एक स्वस्तातला सेन्सर आणि डेन्सो कंपनीचा सेन्सर.

डिसेंबरात मायलेज गॅलनला ४७ मैलांवरून ४२ वर आलं. थंडीत प्रियसचं मायलेज पडतंच, हीटरसाठी इंजिन जास्त वेळ चालतं, म्हणून मी दोन महिने काही मनावर घेतलं नाही. हायब्रिडची हीच गंमत आहे. साध्या गाडीत हा सेन्सर घाण झाला की सिग्नलला उभ्या उभ्या इंजिन थरथरतं आणि आपल्याला कळतं. इथे सिग्नलला इंजिन बहुतेकदा बंदच असतं, आणि निघताना मोटर सांभाळून घेते. फेब्रुवारीत चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

एका वर्कशॉपने सेन्सर बदलायचे ३४० डॉलर सांगितले. साफ करून बघता का, असं विचारलं तर "आम्ही साफ करत नाही, बदलतो." घरी आले आणि एअर फिल्टरचा डबा उघडला. आत आधीच्या मालकाने बसवलेला, धुऊन तेल लावायचा कापडी फिल्टर! तेल इतकं की बोट चिकटलं. ते तेल हवेबरोबर पुढे जाऊन सेन्सरवर बसतं. त्या सेन्सरमध्ये केसासारखी बारीक तापलेली तार असते. हवा तिला गार करते, आणि तिला तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागली यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. तारेवर तेल-धुळीचं पांघरूण बसलं की ती कमी गार होते, हवा कमी मोजली जाते, पेट्रोलही कमी सुटतं. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत बसतो. माझ्या ओबीडी डाँगलवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे कोड आणि आकडे वाचणारं छोटं यंत्र) ही वाढ, म्हणजे लाँग टर्म फ्युएल ट्रिम, अधिक १८ टक्के दिसत होती.

स्प्रे १३ डॉलरला मिळाला. काम वीस मिनिटांचं, त्यातली दहा मिनिटं दोन स्क्रू काढण्यात गेली. ते जपानी पद्धतीचे असतात, आपला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि डोकं झिजतं. नीट दाबून, हळू फिरवा. त्याआधी गाडी पूर्ण बंद करून किल्ली घरात ठेवून या. प्रियस 'रेडी'त असेल तर गप्प वाटली तरी इंजिन कधीही चालू होतं. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलींच्या वाटेला जायचं नाही. या सेन्सरचा आणि त्यांचा काही संबंध नाही.

दहा-पंधरा फवारे मारले, पूर्ण वाळू दिलं, परत बसवलं. कापडी फिल्टर कचऱ्यात, साधा कागदी आत.

आता तपासणी. प्रियसचं इंजिन बघायला जावं तर नेमकं बंद पडतं. त्यासाठी मेंटेनन्स मोड आहे: ब्रेक न दाबता पॉवरचं बटण दोनदा, मग 'पी'मध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दोनदा, 'एन'मध्ये दोनदा, परत 'पी'मध्ये दोनदा, आणि ब्रेक दाबून चालू. सगळं एका मिनिटाच्या आत. मग इंजिन चालूच राहतं. (या मोडमध्ये गाडी रस्त्यावर न्यायची नाही.) कोड पुसून आठवडाभर चालवली तेव्हा ट्रिम अधिक ४ वर आली होती. मायलेजही चढलं, पण तोवर मार्च उजाडला होता, त्यामुळे त्याचं श्रेय मी स्प्रेला देणार नाही. ट्रिमचं देते.

आता माझा पराक्रम. आमच्या सांगलीच्या घरी बाबा दर रविवारी लूनाचा प्लग पॉलिश पेपरने घासायचे, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवायचे. घासल्याशिवाय साफ होत नाही, हे माझ्या हातात बसलेलं. नोव्हेंबरात थंडीआधी म्हणून परत सेन्सर काढला, तर आत एक धागा दिसला. फवाऱ्याने निघेना. मी इअरबड घातला. धागा निघाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटकडे जाताना दिवा लागला: पी०१०२. तार गेली. गाडी तरीही चालली, कारण अशा वेळी कॉम्प्युटर थ्रॉटल आणि इंजिनच्या वेगावरून अंदाजाने हवा धरतो. पण चढावर तिचा जीव जात होता. नवरा काही बोलला नाही. इअरबडची डबी मात्र बाथरूममधून उचलून त्याने गॅरेजात, हत्यारांच्या खणात ठेवली. अजून तिथेच आहे.

पहिल्यांदा ऑनलाइन २४ डॉलरचा बिनाब्रँडचा सेन्सर मागवला. दिसायला जुळा भाऊ, प्लगही खटकन बसला, दिवा गेला. पण चार दिवसांत ट्रिम अधिक १४! म्हणजे नवाकोरा असून माझ्या तेलकट सेन्सरच्या जवळपास. परत पाठवला, पैसे मिळाले. मग डेन्सोचा घेतला, ८६ डॉलर. टोयोटाला सेन्सर पुरवणारी हीच कंपनी. पार्ट नंबर जुन्या सेन्सरवरचा वाचून जुळवला, कारण बाहेरून सारखे दिसणारे बरेच आहेत. जुनी ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी कडी) टाकून नवीच घातली. गेले सात महिने ट्रिम अधिक ३ ते उणे २ च्या मध्ये आहे.

स्प्रेला पाचपैकी पाच, डेन्सोला पाच, २४ डॉलरवाल्याला एक, तोही प्लग बसला म्हणून. स्प्रेचा अर्धा डबा उरला आहे. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब क्लीनर घरात आहे म्हणून तोच मारू नका, त्याने आतलं प्लास्टिक खराब होतं. आणि मागच्या सीटच्या बाजूला जाळी आहे ती हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची. तिकडे हा स्प्रे नेऊ नका. तिथे व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. माझ्या जाळीतून गेल्या महिन्यात अर्धी वाटी कुत्र्याचे केस निघाले. आमच्याकडे कुत्रा नाही.