रंग मारून परत विकलेला आमचाच एअर ड्रायर

एरंडोल तालुक्यातील आमच्या क्रशरवरून खडी घेऊन धुळ्याकडे जाणाऱ्या एका टिपरच्या बाबतीत गेल्या पावसाळ्यात जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण याच पद्धतीने आणखी दोन गाडीमालकांचे पैसे गेल्याचे नंतर कानावर आले. संबंधित गॅरेजचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तक्रार अद्याप चौकशीत आहे.

सुरुवात खऱ्या बिघाडापासून झाली. हँडब्रेक सोडल्यावर मागची चाके उशिरा मोकळी होत होती आणि ड्रायव्हरने फोनवर कळवले, "भाऊ, टाकीमाईन पानी निंघी ऱ्हायनं." टिपरचे ब्रेक कॉम्प्रेसरने टाकीत भरलेल्या हवेच्या दाबावर चालतात. कॉम्प्रेसरमधून येणारी ही गरम हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते हवेच्या टाकीत आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये एअर ड्रायर असतो आणि त्याच्या डब्यातील, म्हणजे कार्ट्रिजमधील, बारीक गोळ्या हा ओलावा शोषून घेतात. टाकीत पाणी दिसू लागले होते, त्याअर्थी त्या गोळ्या थकल्या होत्या. खर्च खरे तर एका कार्ट्रिजचाच होता.

गाडी महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये पोहोचली तेव्हा मी जळगावात होतो. मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून हवेचा दाब पूर्ण भरू दिला, ड्रायरने खालून जोरात हवा सोडल्यावर तिथे हात धरला आणि हवा सतत बाहेर येत असल्याचा व्हिडिओ मला पाठवून, ड्रायर आतून फाटला असून पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, असे सांगितले. व्हिडिओ खोटा नव्हता, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. आमच्या टिपरमध्ये अनलोडर, म्हणजे दाब पूर्ण झाल्यावर जादा हवा बाहेर सोडणारी यंत्रणा, ड्रायरमध्येच आहे. अशा गाड्यांत दाब पूर्ण झाला की खालचा व्हॉल्व्ह उघडतो, साठलेले पाणी व तेल बाहेर फेकले जाते आणि त्यानंतर इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसरची हवा त्याच वाटेने बाहेर जात राहते. ही गळती नव्हे, ते त्या ड्रायरचे नेहमीचे काम आहे. गळती ओळखायची तर दाब चढत असताना खालून हवा जाते का, आणि इंजिन बंद केल्यावर, गोळ्या सुकवणारी थोडी हवा निघून गेल्यानंतरही, आवाज चालू राहतो का, हे पाहावे लागते. तसे आढळले तरीही बहुधा व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा अडकलेला असतो किंवा रबरी रिंग झिजलेली असते, आणि ते काम साफसफाईत व लहानशा किटमध्ये भागते.

दोन तासांनी "नवीन" ड्रायर बसवल्याचा फोटो आला. काळा चकचकीत रंग, त्यावर कंपनीच्या नावाचे स्टिकर. बिलात असेंब्ली, मजुरी आणि "हीटर टेस्टिंग" अशा तीन नोंदी होत्या. या हीटरचे मला आजही हसू येते. तो कडाक्याच्या थंडीत व्हॉल्व्हमधले पाणी गोठू नये म्हणून असतो. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या आणि हिवाळ्यातही पाणी न गोठणाऱ्या खान्देशात, तेही भर जुलैत, त्याची चाचणी कोणासाठी केली असेल?

चाचणीचा खेळ मात्र हुशारीचा होता. ड्रायव्हर चहाला गेला असता सर्व टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून पाणी काढून टाकले गेले, हे शेजारच्या पंक्चरवाल्याने नंतर सांगितले. ड्रायव्हर परतल्यावर दाब भरून काटा दाखवण्यात आला, ड्रेन कॉक उघडण्यात आला आणि कोरडी हवा निघाल्यावर काम चोख झाल्याचे जाहीर झाले. काटा वर चढला यावरून एवढेच कळते की कॉम्प्रेसर हवा भरतो आहे आणि मोठी गळती नाही. ती हवा कोरडी आहे की ओली, हे काटा सांगत नाही. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीतून पाणी निघणार तरी कोठून?

थोड्याच फेऱ्यांनंतर टाकीत पुन्हा पाणी आले, तेव्हा गाडी क्रशरवरच्या आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे दिली. त्यांनी गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना ओट लावली, कारण हवा उतरली की पार्किंगचे स्प्रिंग ब्रेक लागतात हे खरे असले तरी त्यांनी केवळ त्यावर कधी विसंबून काम केलेले नाही; मग टाक्या पूर्ण रिकाम्या करून कार्ट्रिज खोलले. दाब असताना ते खोलणे जिवावर बेतू शकते. ब्रॅकेटजवळ खडी लागून पडलेला जुना खळगा नव्या रंगाखाली जसाच्या तसा होता. म्हणजे आमचाच ड्रायर रंगवून आम्हालाच विकला होता. कार्ट्रिजही रंगवलेले, कोणाचे तरी वापरलेले निघाले. ते कापल्यावर तेलाने तपकिरी झालेला गोळ्यांचा चिखल बाहेर आला. आमच्या कॉम्प्रेसरमधून तेल येत नव्हते, टाकीतले पाणी स्वच्छ होते, त्यामुळे हा चिखल आमच्या गाडीचा असणे शक्यच नव्हते.

आता आमच्याकडे तपासणीची पद्धत ठरली आहे. टाक्या रिकाम्या करून गाडी नेहमीच्या भारावर चालवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी ड्रेन कॉक उघडायचा. चार थेंब आले तर चिंता नाही. धार लागली तर कार्ट्रिज. दुधाळ किंवा काळपट तेलकट पाणी आले तर आधी कॉम्प्रेसर पाहायचा, नाहीतर नवे कार्ट्रिजही लवकरच निकामी होते. ब्रेक न दाबताही ड्रायर वारंवार फुसफुसत असेल, तर सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती शोधायची. कार्ट्रिज बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तकाप्रमाणे पाळायची. घाटातून सतत ब्रेक लावत उतरणाऱ्या टिपरसाठी ती आणखी अलीकडे आणणे मला योग्य वाटते. काढलेला जुना भाग गाडीसोबत परत आलाच पाहिजे, ही अट काम देण्यापूर्वीच घालायची.

तक्रारीबाबत एक अडचण सांगणे आवश्यक आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपयोगी आहे. परंतु ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा सामान्यतः 'ग्राहक' ठरत नाही. स्वतःच्या चरितार्थासाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणाऱ्याला मात्र त्यातून सूट आहे, म्हणजे एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या चालक-मालकाची बाजू आमच्यापेक्षा भक्कम असते. आम्ही पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, लेखी तक्रार दिली असून सोबत व्हिडिओ, बिल, कापलेले कार्ट्रिज आणि रंग खरवडलेल्या खळग्याची छायाचित्रे जोडली आहेत. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, हेही त्यात नमूद केले आहे. गॅरेजवाल्याने मजुरी तेवढी परत देण्याची तयारी दाखवली होती, परंतु कापलेले कार्ट्रिज त्याच्या ताब्यात द्यावे ही त्याची अट असल्याने आम्ही नकार दिला.