जीपी (सरकारी आरोग्यसेवेतला आपल्या भागातला दवाखाना) बदलून वर्ष होत आलं, आता जरा सविस्तर लिहिते (स्लाऊ, इंग्लंड)

आधीचा जीपी घरापासून पाच मिनिटांवर होता आणि दारात सीक्यूसीचं (दवाखाने तपासून रेटिंग देणारी सरकारी संस्था) 'गुड' लावलेलं. ते लावणं कायद्याने सक्तीचंच आहे म्हणा, पण त्यावर जाऊ नका, इन्स्पेक्शन कधी झालं ते बघा, आमच्या तिथलं कोविडच्या आधीचं होतं आणि नंतर निम्मे डॉक्टर बदलले. शिवाय सीक्यूसीचीच बोंब, २०२४ मध्ये खुद्द आरोग्यमंत्र्यांनी ही संस्था कामाची राहिली नाही असं जाहीर सांगितलं होतं. तरी रिपोर्ट वाचा, फक्त वरचं रेटिंग नाही तर 'सेफ' हा भाग. मेथोट्रेक्सेट, लिथियमसारख्या जोखमीच्या औषधांच्या पेशंटची रक्ततपासणी वेळेवर होते का, लसींचा फ्रिज २ ते ८ डिग्रीत असतो का, हे सगळं तिथे असतं आणि खरी गोष्ट तिथेच कळते.

मिस्टरांना शुगर आहे. जुन्याकडे मेटफॉर्मिनच्या गोळ्या अ‍ॅपवर क्लिक केलं की मिळायच्या, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) कधी केलं, किडनीचं काय, कोणी विचारायचं नाही. तेव्हा सोयीचं वाटायचं!! नवीन ठिकाणी वाढदिवसाच्या महिन्यात मेसेज येतो, रक्त, लघवी, बीपी, वजन सगळं एकदम, पायाला नायलॉनचा धागा टेकवून संवेदना पण बघतात. तपासणी टाळली तर गोळ्या थोड्याच देतात, हे चिडचिड करत बसले होते पण मला पटलं. रिपोर्टवर डॉक्टरची एक ओळ असते, म्हणजे कोणीतरी वाचलाय.

पण खरा फरक सासूबाईंच्या वेळी दिसला. जुन्याकडे माझ्या दहावीतल्या मुलालाच दुभाषा करायचे, आजी नातवासमोर काय सांगणार? इथे डॉक्टरने स्वतः फोनवर मराठी दुभाषी लावून दिला, फुकट असतो, मागितला पाहिजे फक्त. तर त्या दुभाषी बाईला सासूबाई सगळं बोलल्या, की चक्कर येते म्हणून बीपीची गोळी त्या अर्धीच घेतात. आम्हाला घरात कोणाला पत्ता नाही! मग बसून आणि उभं राहून बीपी घेतलं, उभं राहिल्यावर बरंच खाली येत होतं, गोळी बदलली.

तक्रारी आहेतच. दर वेळी वेगळा डॉक्टर, पुण्यात कसं आपला फॅमिली डॉक्टर घरातल्या सगळ्यांना ओळखतो तसलं काही नाही. रिसेप्शनवर सगळ्यांसमोर काय होतंय विचारतात. ऑक्टोबर २०२५ पासून डॉक्टरला विचारायचा ऑनलाइन फॉर्म कामकाजाच्या वेळात उघडा ठेवावाच लागतो, ठेवतात, उत्तर मात्र निवांत येतं. घसा, कान (मुलांचा), साधं युरिन इन्फेक्शन (बायकांचं) असेल तर मी सरळ फार्मसीत जाते, जानेवारी २०२४ पासून सात आजारांना फार्मासिस्टच औषध देऊ शकतो, लवकर काम होतं.

बदलायला पैसे लागत नाहीत, पत्त्याचा पुरावा पण लागत नाही, कोणी मागितला तर तसं सांगा. एरियाबाहेरचे म्हणून नाही म्हणू शकतात, किंवा घेतलं तरी होम व्हिजिटला येणार नाहीत, घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधी विचारून घ्या. आणि बदलायच्या आधी रिपीट (नेहमीच्या चालू) गोळ्या घेऊन ठेवा, नवीन ठिकाणी त्या चालू व्हायला वेळ लागतो.