वेल्डिंग शिकवायला सिम्युलेटर घ्यावा, की मोबाईल आणि ट्रायपॉडवर भागेल?

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा. त्यातले सुरुवातीचे कितीतरी दिवस रॉड प्लेटला चिकटतो, उपटला की आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत, तुटतो, यातच जातात. डिजिटल साधन घ्यायचं ते या दिवसांसाठी.

सिम्युलेटरच्या हेल्मेटमध्ये पडदा असतो आणि हातातल्या होल्डरची हालचाल सेन्सर टिपतो. आर्कची लांबी, रॉडचा कोन, हाताचा वेग यांतली चूक लगेच आकड्यांत दिसते. खऱ्या कामात ३.१५ मिमीचा रॉड १०० ते १२० अँपिअरवर साधारण मिनिटभरात संपतो. २० जणांनी रोज दहा-दहा लावले की २०० रॉड गेले, शिवाय प्लेटी भंगारात. सिम्युलेटर हा खर्च वाचवतो. पण त्यावर एका वेळी एकच जण; प्रत्येकाला १५ मिनिटं दिली तर तुकडीला पाच तास लागतात. धग, धूर, ठिणग्या, तापून वाकणारी प्लेट यांची सवय तर त्यावर होतच नाही. चुंबकीय सेन्सरचं मॉडेल लोखंडी टेबलावर ठेवलं तर कोन चुकीचा दाखवू शकतं. त्याला लाकडी टेबल द्या.

मोबाईलचं काम स्वस्तात होतं, फक्त नीट बसवायला हवं. कॅमेऱ्यापुढे १० किंवा ११ नंबरची वेल्डिंगची काळी काच आणि ठिणग्या अडवायला तिच्याही पुढे साधी काच लावा. फोन बाजूने दीड-दोन फुटांवर ठेवा. आर्क पेटल्यावर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर चित्र सारखं उजळत-काळवंडत राहतं. मग संथ गतीत दाखवलं की स्लॅग (रॉडच्या लेपाचा वितळून झालेला मळ) वितळलेल्या धातूच्या मागे राहतोय की पुढे धावतोय, हे सगळ्या तुकडीला एकदम दिसतं. पुढे धावला तर तो जोडात अडकतो. करंट कमी आहे, हात रेंगाळतोय किंवा रॉड नको तितका आडवा झालाय, हे तिथेच बोट ठेवून सांगता येतं. निदेशकाची काळी काच एकट्यापुरतीच असते, म्हणून या चित्रीकरणाचं मोल मोठं.

कोकणात पावसाचाही विचार करावा लागतो. ई ६०१३ हा नेहमीच्या वापरातला रॉड दमट झाला की ठिणग्या जास्त उडतात, जोडात छिद्रं पडतात. सिम्युलेटरमधला रॉड कधी दमट होत नाही, त्यामुळे हा दोष मुलांना तिथे भेटतच नाही. एकाच करंटवर एक दमट आणि एक सुमारे १०० अंशांवर तासभर वाळवलेला रॉड लावून दोन्हीचं चित्रीकरण करा. खाऱ्या हवेने सिम्युलेटरच्या जोडण्या गंजतात, भिंगांना बुरशी धरते. तो वापर नसताना सिलिका जेल घालून बंद पेटीत ठेवावा लागतो. वीज गेली तर इन्व्हर्टरही हवा.

भारत स्किल्स या सरकारी संकेतस्थळावरची पुस्तकं आणि प्रश्नसंच थिअरीला चांगले, पण हाताला वळण त्यांनी लागत नाही.

गुहागर-देवगडकडच्या एका तुकडीच्या केंद्राने आधी ट्रायपॉड घ्यावा. रत्नागिरीसारख्या ठिकाणी तीन-चार तुकड्या आळीपाळीने वापरणार असतील, तरच सिम्युलेटरला पैसे घालावेत. घेताना त्यात स्टिक वेल्डिंग, म्हणजे रॉडचं वेल्डिंग, आहे ना ते पाहा. फक्त मिगचा (सतत पुढे येणाऱ्या तारेने होणाऱ्या वेल्डिंगचा) असेल तर रॉडचा हात त्यावर तयार होणार नाही. प्रात्यक्षिक आपल्याच कार्यशाळेत मागा आणि वार्षिक देखभालीचा दर लेखी घ्या.