अ‍ॅड्रिनलच्या गाठीचं ऑपरेशन: धोक्याचा कोणता अंदाज धरून चालावं?

अ‍ॅड्रिनल या मूत्रपिंडावर बसलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीची गाठ काढायची म्हटलं की घरचे विचारतात, "धोका किती?" उत्तर कोण देतंय त्यावर ते बदलतं. भूलतज्ज्ञ एएसए श्रेणी सांगतात, सर्जन सीटी दाखवतात, कोणी कॅल्क्युलेटरवर टक्केवारी काढून देतं आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे तज्ज्ञ) हार्मोनच्या रिपोर्टवर बोलतात. चौघंही बरोबर असतात, पण प्रत्येक जण वेगळ्या धोक्याबद्दल बोलत असतो. माझ्या मते सुरुवात हार्मोनच्या रिपोर्टपासून व्हायला हवी. बाकीचे आकडे त्या रिपोर्टच्या प्रकाशात वाचावेत.

सर्वसाधारण मोजमापं

एएसए श्रेणी पेशंट एकूण किती आजारी आहे ते सांगते. ती झटपट ठरते, पण एकाच पेशंटला एक भूलतज्ज्ञ 2 देईल तर दुसरा 3. चार्लसन निर्देशांक 1987 चा, जुन्या आजारांना गुण देणारा. तो मुळात मृत्यूचा अंदाज बांधण्यासाठी तयार झाला, ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीसाठी नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचं कॅल्क्युलेटर यांच्यापेक्षा बरंच तपशीलवार आहे. वय, वजन, धूम्रपान, दम लागणं, मधुमेह अशी माहिती भरली की न्यूमोनिया, जखमेतला जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, मूत्रपिंडाचा त्रास यांची वेगवेगळी टक्केवारी मिळते. मात्र गाठ किती सेंटिमीटरची आहे आणि कोणतं हार्मोन बनवते, हे ते विचारतच नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हा प्रश्न त्यात आहे. गाठच जास्तीचं कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) बनवत असेल तर ते नोंदवायला जागा नाही.

अशक्तपणाचा पाच मुद्द्यांचा निर्देशांकही बराच वापरला जातो. मधुमेह, औषधं लागणारा रक्तदाब, हार्ट फेल्युअर, फुप्फुसांचा जुना आजार आणि रोजच्या कामांत दुसऱ्याचा आधार, असे ते मुद्दे. इतर ऑपरेशनांत तो उपयोगी आहे, पण अ‍ॅड्रिनलच्या पेशंटमध्ये रक्तदाब आणि मधुमेह हे बऱ्याचदा गाठीनेच आणलेले असतात. कुशिंगच्या, म्हणजे जास्तीच्या कॉर्टिसोलने आजारी पडलेल्या, तरुण पेशंटला त्यात सहज दोन गुण मिळतात, आणि गाठ निघाल्यावर तेच दोन आजार उतरू शकतात. उलट फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रिनलिनसारखी हार्मोन्स बनवणारी गाठ) योगायोगाने सापडला असेल आणि रक्तदाब नॉर्मल असेल तर गुण शून्य येतात. तरीही ऑपरेशनमध्ये गाठीला हात लागताच रक्तदाब भडकू शकतो.

हार्मोनचा रिपोर्ट

फिओक्रोमोसायटोमामध्ये धोका बराचसा आधीच्या तयारीवर ठरतो. साधारण 7 ते 14 दिवस आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) सुरू करतात, सोबत मीठ आणि पाणी वाढवतात. हृदयाचे ठोके कमी करणारा बीटा ब्लॉकर लागला तर तो अल्फानंतरच. क्रम उलटला तर रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. गाठ निघाल्यावर चित्र पालटतं. रक्तदाब कोसळू शकतो, साखरही उतरू शकते, म्हणून पुढचे 24 ते 48 तास बारीक लक्ष लागतं. ही तयारी झाली की नाही, याची नोंद कुठल्याही सर्वसाधारण निर्देशांकात होत नाही.

कॉर्टिसोल बनवणाऱ्या गाठीमुळे दुसऱ्या बाजूची ग्रंथी झोपी गेलेली असते. गाठ काढताच शरीरात कॉर्टिसोलचा तुटवडा पडतो आणि तो भरून काढायला हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं, कधी कित्येक महिने. शिवाय जखम उशिरा भरणं, जंतुसंसर्ग आणि पायातल्या शिरेत गुठळी हे धोके वाढलेले असतात. बाहेरून काही लक्षण नसलं तरी हे घडू शकतं. त्यामुळे रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) देऊन सकाळचं कॉर्टिसोल तपासल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नये.

कॉनच्या गाठीत, म्हणजे अल्डोस्टेरॉन हे रक्तदाब वाढवणारं हार्मोन बनवणाऱ्या गाठीत, भीती कमी असते. नंतर पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्त तपासत राहायचं आणि स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारं औषध) व पोटॅशियमच्या गोळ्या बंद करायच्या. या गाठीसाठी 2008 पासून एक वेगळा स्कोअरही आहे. पण तो ऑपरेशननंतर रक्तदाबाच्या गोळ्या सुटतील का ते सांगतो, गुंतागुंतीबद्दल नाही. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

स्कॅन आणि सर्जनचा हात

गाठ 6 सेंटिमीटरच्या पुढे असली किंवा आजूबाजूला घुसलेली दिसली, की दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागण्याची शक्यता वाढते. उजवीकडची शीर आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, म्हणून तिथे रक्तस्रावाची काळजी. डावीकडे प्लीहा आणि स्वादुपिंडाचं टोक सांभाळावं लागतं.

सर्जनचा अनुभव कुठल्याच स्कोअरमध्ये मोजला जात नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. अ‍ॅड्रिनलच्या कॅन्सरसाठी 2018 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सर्जनकडून वर्षाला किमान 6, शक्यतो 20 हून अधिक अ‍ॅड्रिनल ऑपरेशनांची अपेक्षा ठेवतात. "वर्षाला किती करता?" असं विचारायला संकोच नको.

नवी मॉडेल्स

नोमोग्राम (गुणांवरून धोका वाचायचा तक्ता) आणि मशीन लर्निंगची मॉडेल्स गाठीचा आकार, प्रकार, हार्मोन हे सगळं एकत्र धरू शकतात, ही त्यांची खरी ताकद. पण एकाच हॉस्पिटलच्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल दुसरीकडे पारखलं गेलंय का, ते विचारा. गुंतागुंत कशाला धरलंय, हेही विचारा. 2004 पासून वापरात असलेल्या, गुंतागुंतीच्या क्लाव्हिएन-डिंडो वर्गीकरणात पॅरासिटामॉल लागलेला ताप पहिल्या श्रेणीत येतो, तर जिवावर बेतून आयसीयू लागणं चौथ्या श्रेणीत. दोन्ही एकाच टक्केवारीत मोजले असतील, तर त्या आकड्यावरून निर्णय घेता येत नाही.

मग निवड कशी करायची?

फिओक्रोमोसायटोमा किंवा कुशिंग असेल तर टक्केवारीपेक्षा तयारीचा आराखडा मागा. गाठ हार्मोन बनवत नसेल आणि पेशंट वयस्कर, हृदयाचा आजार असलेला असेल, तर मात्र कॅल्क्युलेटर आणि अशक्तपणाचा निर्देशांक यांना पुरेपूर वजन द्या. तिथे आणखी एक गोष्ट आधी तपासून घ्या. अशी गाठ 4 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि एकसंध असेल, आणि कॉन्ट्रास्टशिवाय काढलेल्या सीटीत तिची घनता 10 हाउन्सफील्ड युनिट किंवा त्याहून कमी असेल, तर सहसा ऑपरेशनची गरजच नसते.