निगमन की विगमन? कणकुंबीच्या पाण्याचं उदाहरण

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली म्हादई नदी पश्चिमेला, गोव्याकडे जाते. तेवढ्यावरून ‘आपल्या घाटातलं पाणी अरबी समुद्रालाच मिळतं’ म्हणणं हे विगमन: पाहिलेल्या उदाहरणांवरून नियम. पण त्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते आणि एवढ्या एका नदीने तो नियम मोडतो.

निगमन उलट चालतं: आधी मान्य केलेल्या विधानांवरून निष्कर्ष. मलप्रभा कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे मलप्रभेचं पाणीही तिकडेच. दोन्ही विधानं खरी असतील, तर निष्कर्ष खोटा ठरूच शकत नाही.

ही पकड मला फार आवडते. तरी मुलांना आधी विगमनच शिकवावं. कृष्णा कुठे जाते हेही कुणीतरी काठाकाठाने जाऊन पाहिलेलंच असतं. फक्त दरवेळी विचारायचं: बाळा, नद्या किती पाहिल्यास?