खोलीभाडं थकलं तर: मालकाशी बोलायचं, पीएफ काढायचा, सोनं गहाण टाकायचं की गावाला जायचं?

मावसभावाने भुसावळला नवीन खोली घेतलीय. परवा फोनवर म्हणे, दादा परत करोनासारखं काही आलं आणि काम बंद पडलं तर काय करायचं, तू तेव्हा भाड्याचं कसं भागवलं होतं? मी सांगायला लागलो आणि अर्धा तास झाला, म्हटलं आता लिहूनच टाकतो, अजून कोणाला तरी उपयोग होईल.

आधी माझं सांगतो म्हणजे हिशोब कळेल. २०२० मध्ये मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात होतो, खोलीभाडं ३५०० आणि डिपॉझिट ७०००. मार्चच्या शेवटी कारखाना बंद झाला तो जूनमध्ये कुठे हळूहळू सुरू झाला, आणि मधला पगार म्हणजे नावापुरता.

पहिला रस्ता मालकाशी बोलायचा, आणि लोक नेमके इथेच लाजतात. तेव्हा केंद्राच्या गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० ला आदेश काढला होता की कामगारांकडून एक महिना भाडं मागू नका, मग १७ एप्रिलला आपल्या राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सूचना दिली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कोणाला बाहेर काढू नका. आमच्या गल्लीत व्हॉट्सॲपवर हे फिरलं ते "तीन महिने भाडं माफ" असं फिरलं. माफ नव्हतं भाऊ, पुढे ढकललं होतं. ज्यांनी माफ समजून जुलैपर्यंत तोंडच दाखवलं नाही त्यांची मालकाशी कायमची बिघडली.

मी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दोन दिवस आधी अप्पांकडे गेलो (मालकांना सगळे अप्पाच म्हणतात). ते ओट्यावर तोंडाला उपरणं गुंडाळून बसलेले, मी पायरीखाली उभा. खिशात १५०० होते ते काढून पायरीवर ठेवले आणि म्हटलं अप्पा सध्या एवढेच आहेत. त्यांनी लगेच उचलले नाहीत, थोडा वेळ बघत बसले, मग म्हणे, "पैशे आले का देऊन देजो, पन फोन बंद करून नको बसू." आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि एप्रिलच्या पानामागे बाकी २००० असं लिहिलं, मी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. मे मध्येही १५०० दिले, जूनमध्ये काहीच नाही. एकूण बाकी झाली ७५००. जुलैपासून भाड्यासोबत ७५० जास्तीचे देत गेलो, दहा महिन्यांत फिटले, म्हणजे २०२१ च्या एप्रिलमध्ये, तेव्हा दुसरी लाट आलेली आणि परत निर्बंध सुरू!

आता याचा फायदा बघा. ७५०० वर व्याज शून्य. उसनवारीचा दुसरा कुठलाच रस्ता एवढा स्वस्त नाही. अट एकच, थकायच्या आधी जायचं आणि हातात थोडेतरी पैसे घेऊन जायचं. मालकाचंही पोट त्या भाड्यावर असू शकतं, अप्पांचं तसंच होतं, दोन खोल्यांच्या भाड्यात त्यांचं औषधपाणी निघायचं. पण मालक हप्त्यावाला असेल, म्हणजे घरावर कर्ज असेल, तर तेव्हा रिझर्व्ह बँकेने हप्ते ऑगस्ट २०२० पर्यंत पुढे ढकलायची सवलत दिली होती, ती त्याने घेतलीय का हे गोडीत विचारायला हरकत नाही. व्याज मात्र त्याला चालूच होतं, त्यामुळे फार ताणू नका.

डिपॉझिट वळतं करून घ्या असं बरेच जण सुचवतात. दोन महिने निघतात, खरं आहे, आणि कोणाचं देणंही लागत नाही. पण मग मालकाच्या हातात काही उरत नाही आणि तिसऱ्या महिन्यापासून तो तुमच्याकडे संशयाने बघायला लागतो. मी ते शेवटचं म्हणून राखून ठेवलं होतं. खोली सोडायचीच असेल तर मात्र हाच सगळ्यात सरळ मार्ग, आधी डिपॉझिट संपवा मग निघा, कारण सोडल्यावर ते परत मिळवायला चकरा मारून जीव मेटाकुटीला येतो.

पीएफचं वेगळं. करोनात खास ॲडव्हान्स होता, तीन महिन्यांचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते, आणि परत भरायचं नाही. ऑनलाइन अर्ज, स्वतःचेच पैसे, कोणाचे उपकार नाहीत. माझ्या आधारवर आणि पीएफवर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, ते सुधारायला तेव्हा कंपनीची मंजुरी लागायची आणि कंपनीला कुलूप, झालं, माझा पीएफ तिथेच अडकला. ती करोनावाली सोय २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली, त्यामुळे पुढच्या वेळी त्या भरवशावर राहू नका. पण नाव, बँक खातं, आधार जुळतंय का हे आजच बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि पीएफ काढलाच तर भाडं भरण्यापुरताच काढा, आमच्यातल्या एकाने त्यातनं टीव्ही घेतला, जाऊ द्या.

सोन्याच्या बाबतीत आपण जळगाववाले जरा हळवे. पण गहाण टाकणं आणि मोडणं यात फरक आहे. समजा १२ हजार पाहिजेत. बँकेत नाहीतर पतसंस्थेत महिन्याला साधारण एक टक्का धरला तर व्याज १२० रुपये. तेच गल्लीतल्या सावकाराकडून पाच टक्क्याने घेतले तर ६००. सहा महिन्यांत ७२० विरुद्ध ३६००, म्हणजे सावकाराला एका महिन्याच्या भाड्याहून जास्त फुकट गेलं. शेजारच्या वहिनींची मंगळपोत अशीच अडकली होती, चिठ्ठी नाही, पावती नाही, सोडवायला गेल्यावर त्याचा हिशोब वेगळाच. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते, पण हातात कागद नसला तर बोलणार काय? बँकेतसुद्धा मुदत लक्षात ठेवा, नोटीस येऊन गेल्यावर दागिना लिलावात जातो. बायकोचा बचत गट असेल तर सोन्याच्याही आधी तिकडे विचारा, व्याज गटातच राहतं आणि बायका समजून घेतात. भिशी मात्र अशा काळात फुटते, सगळ्यांनाच एकदम पैसे लागतात ना.

आता सरकारी मदत. अमेरिकेत २०२० चा डिसेंबर आणि २०२१ चा मार्च, अशा दोन कायद्यांनी मिळून ४६ अब्ज डॉलरच्या वर रक्कम घरभाडं आणि लाईट-पाण्याच्या बिलांसाठी ठेवली होती, बहुतेक वेळा पैसे सरळ घरमालकाला जायचे. आपल्याकडे दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी २९ मार्च २०२० ला सांगितलं होतं की गरीब भाडेकरूंचं भाडं सरकार भरेल. ते प्रकरण हायकोर्टात गेलं, जुलै २०२१ मध्ये एका न्यायमूर्तींनी म्हटलं की असं आश्वासन पाळावं लागतं, आणि सप्टेंबरमध्ये त्यावर स्थगिती आली. दीड वर्ष गेलं त्यात, एवढं कोणता मालक थांबतो?

आपल्याकडची मदत भाड्याच्या नावाने येत नाही, धान्याच्या नाहीतर हजार-दीड हजाराच्या रूपात येते. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने नोंदणी असलेले बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले आणि परवानावाले रिक्षाचालक यांना १५०० रुपये जाहीर केले, शिवभोजन थाळी महिनाभर फुकट केली. आमच्या गल्लीत बांधकामावर जाणारे सात-आठ जण, नोंदणी फक्त एकाची. बांधकाम कामगारांच्या मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो संकट आल्यावर कुठून आणणार, आताच करा. आणि रेशन मिळालं की किराण्याचे जे पैसे वाचतात ते त्याच दिवशी भाड्यासाठी बाजूला काढा, मी अप्पांना दिलेले १५०० असेच जमले होते. फेरीवाल्यांना स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज होतं, पण ते धंद्यासाठी, त्यातनं भाडं भरलं की माल भरायला काही उरत नाही आणि हप्ता उभाच.

गावाला जायचं का? एकटे असाल आणि गाव यावल, चोपडा, जामनेर असं जवळ असेल तर जा, खुशाल जा. पोरांची शाळा इथे असेल तर नका जाऊ. परत येऊन नवं डिपॉझिट आणि वाढलेलं भाडं दिलं की वाचवलेलं सगळं बरोबरीत निघतं. चावी परत देताना मीटरचा आणि खोलीचा फोटो काढून ठेवा.

एक राहिलंच. मालकाने लाईट किंवा पाणी तोडायची धमकी दिली तर घाबरू नका, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं करायला बंदी आहे. त्याच कायद्यात करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकावर टाकलीय, आणि रजिस्टर नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरतात. मावसभावाचा करार अजून तोंडीच आहे, मालक म्हणतो रजिस्टरचा खर्च अर्धा अर्धा. मी म्हटलं दे, पण दर महिन्याचे पैसे फोनवरूनच पाठव आणि त्यात "खोलीभाडं" असं लिहीत जा.